कळ सोसण्याची अडीचशे वर्षं

1772 सालच्या वसंतात लंडनचे नामांकित डॉक्टर विल्यम हेबर्डन यांना एक निनावी पत्र आलं. लिहिणारा गृहस्थ बावन्नाव्या वर्षात होता. छातीतल्या एका चमत्कारिक दुखण्यावर हेबर्डन यांनी लिहिलेल्या लेखाचा गोषवारा त्याच्या वाचनात आला होता आणि त्यात त्याला स्वतःचंच दुखणं सापडलं होतं. चालताना कळ यायची, थांबलं की ओसरायची. कधी कधी तर सगळं शरीरच तीन-चार सेकंद थबकल्यासारखं वाटायचं. उपाय सुचवा, अशी विनंती त्या पत्रात नव्हती. आपल्याला अचानक मरण आलं तर देह चिरून कारण शोधावं, म्हणजे पुढच्या रुग्णांना उपयोग होईल, असं त्यानं कळवलं होतं. तीन आठवड्यांच्या आत तो गेला. शवविच्छेदन जॉन हंटर या त्या काळच्या श्रेष्ठ शल्यविशारदानं केलं. मदतीला एडवर्ड जेन्नर नावाचा तरुण विद्यार्थी होता, पुढे देवीच्या लशीमुळे जगाला माहीत झालेला. त्या दोघांनी सगळं तपासलं, मात्र हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उघडून पाहिल्या नाहीत. कारण हाती लागलं नाही.

या दुखण्याला ‘अँजायना पेक्टोरिस’ हे नाव हेबर्डन यांनीच दिलं होतं. 1768 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी त्यावरचा निबंध वाचला आणि 1772 मध्ये तो छापून आला. चढावर चालताना, भरल्या पोटी चालताना छाती आवळली जाते, आता जीव जातो की काय असं वाटतं, आणि पाय थांबले की सगळं नाहीसं होतं, हे त्यांचं वर्णन आजचा कोणताही डॉक्टर जसंच्या तसं वापरेल. आयुष्यभरात असे जवळजवळ शंभर रुग्ण त्यांनी पाहिले. त्यात बायका तीनच होत्या आणि एक बारा वर्षांचा मुलगा. बाकी सारे पन्नाशीच्या आसपासचे किंवा पन्नाशी उलटलेले पुरुष.

औषध म्हणाल तर हेबर्डन यांच्याकडे फारसं काही नव्हतं. विश्रांती, ऊब, थोडी दारू आणि रात्री झोपताना अफू. पण त्यांच्या टिपणात एक रुग्ण येतो, ज्यानं रोज अर्धा तास लाकूड कापण्याचं काम स्वतःवर लावून घेतलं आणि तो जवळजवळ बरा झाला. कुणी त्याला तसं सांगितलं होतं का, याचा उल्लेख नाही. या लाकूड कापणाऱ्याचं म्हणणं वैद्यकाला पटायला दोनशेहून अधिक वर्षं लागणार होती.

दुखण्याचं मूळ हळूहळू उलगडत गेलं. जेन्नरनं पुढे अशाच एका रुग्णाचं हृदय चिरलं तेव्हा त्याची सुरी एका टणक, खरखरीत गोष्टीवर घासली. छत जुनं होतं, म्हणून गिलाव्याचा तुकडा पडला असावा असं वाटून त्यानं आधी वर पाहिलं. नीट पाहिल्यावर ध्यानात आलं की हृदयाची धमनीच हाडासारखी कडक झाली आहे. हा शोध त्यानं लगेच जाहीर केला नाही, कारण तोवर त्याचे गुरू हंटर यांनाच अँजायना जडला होता आणि या शोधाचा अर्थ त्यांना कळला असता तर तो मृत्युलेखच ठरला असता. अखेर 1799 साली बाथचे डॉक्टर केलेब पॅरी यांच्या पुस्तकातून जेन्नरचं हे निरीक्षण लोकांपुढे आलं.

जेन्नर आणि पॅरी यांना जे उमगलं ते आज घरोघरी माहीत आहे. हृदय हाही एक स्नायूच. चढ चढताना, रागावताना, थंडीत किंवा भरपेट जेवणानंतर त्याला जास्त रक्त लागतं. धमनी अरुंद झाली असेल तर तेवढं रक्त पोहोचत नाही आणि उपाशी स्नायू कळ देऊन ते सांगतो. माणूस थांबला की मागणी उतरते आणि कळ जाते. हार्ट अटॅकमध्ये रक्तपुरवठा तुटून स्नायूचा भागच मरतो. अँजायनात तो फक्त काही मिनिटं उपाशी राहतो. म्हणूनच हे दुखणं घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगली, आणि जगताना कळ कशी ओळखायची, कशी टाळायची हे स्वतःच शिकत गेली.

हंटर मात्र ते शिकू शकले नाहीत. 1773 पासून त्यांना झटके येत होते. स्वतःच्या लक्षणांचं निरीक्षण ते एखाद्या परक्या रुग्णाचं करावं तसं करत. चढण, थंडी आणि संताप या तिन्हींनी कळ येते, हे त्यांनी ओळखलं होतं. पहिल्या दोन गोष्टी टाळता येत. तिसरी त्यांच्या स्वभावातच होती. आपला जीव आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कुठल्याही लफंग्याच्या हातात आहे, अशा अर्थाचं ते बोलत. 16 ऑक्टोबर 1793 रोजी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत कुणीतरी त्यांचं म्हणणं खोडून काढलं. ते शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या कडक झालेल्या आढळल्या.

कळ थांबवणारं पहिलं खरं औषध सापडायला 1867 साल उजाडलं. एडिनबरोच्या रुग्णालयात टॉमस लॉडर ब्रंटन हा जेमतेम तेवीस वर्षांचा डॉक्टर एका रुग्णाजवळ रात्री जागत होता. डिजिटॅलिस, ब्रँडी असं सगळं देऊन झालं होतं, गुण नव्हता. थोडं रक्त काढलं की मात्र कळ कमी व्हायची. म्हणजे रक्तदाब उतरवणारं काहीतरी हवं, असा तर्क ब्रंटननं केला. अमाइल नायट्राइट हुंगलं की चेहरा लाल होतो आणि दाब उतरतो, हे प्रयोगशाळेत माहीत होतं. त्यानं कापडावर थेंब टाकून रुग्णाला हुंगायला दिलं आणि अर्ध्या ते एका मिनिटात कळ गेली. पुढे हे औषध काचेच्या नाजूक कुप्यांत मिळू लागलं. झटका आला की रुमालात कुपी फोडायची आणि हुंगायची. पहिल्यांदाच रुग्णाच्या खिशात असं काही आलं जे डॉक्टर येण्याआधी त्याला स्वतःला वापरता येत होतं.

त्याची जागा लवकरच त्याहून भारी औषधानं घेतली, आणि ते स्फोटकांच्या कारखान्यातून आलं. नायट्रोग्लिसरीन 1847 मध्ये तुरीनच्या अस्कानिओ सोब्रेरो यांनी तयार केलं होतं. जिभेला लावून पाहताच त्यांचं डोकं ठणकू लागलं. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधले विल्यम मरेल यांनीही तोच धाडसी प्रयोग केला. त्यांनी बाटलीचं ओलं बूच चाटलं, आणि नाडी इतक्या जोरात उडू लागली की प्रत्येक ठोक्यानं अंग हादरावं. अमाइल नायट्राइटनंही असंच होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. 1879 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी रुग्णांवरचे परिणाम छापले आणि अँजायनाच्या औषधांत नायट्रोग्लिसरीनला जी जागा मिळाली ती आजही कायम आहे.

याच द्रव्याच्या जोरावर आल्फ्रेड नोबेल डायनामाइटचे धनी झाले होते. 1864 मध्ये स्टॉकहोमच्या कारखान्यातल्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल मारला गेला होता. म्हातारपणी नोबेल यांनाही अँजायना झाला आणि डॉक्टरांनी नेमकं नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. ऑक्टोबर 1896 मधल्या एका पत्रात त्यांनी या योगायोगाची थट्टा केली आहे. औषधविक्रेता आणि लोक दचकू नयेत म्हणून त्याचं नाव ‘ट्रायनिट्रिन’ ठेवलंय, असं त्यात म्हटलं होतं. दोन महिन्यांच्या आत, 10 डिसेंबरला, मेंदूतल्या रक्तस्रावानं त्यांचं निधन झालं.

या औषधाचा आणखी एक गुण डॉक्टरांआधी कारखान्यातल्या मजुरांनी ओळखला होता. नवा माणूस डायनामाइटच्या कामाला लागला की पहिले दिवस त्याचं डोकं ठणकत राही, मग सवय होई. रविवारची सुट्टी झाली की सवय मोडे आणि सोमवारी पुन्हा डोकेदुखी. ती टाळण्यासाठी काही मजूर टोपीच्या पट्टीला थोडं द्रव्य चोळून घरी नेत. पुढे असंही दिसलं की काही कामगारांना सुट्टीच्याच दिवशी छातीत दुखे, कारण रोजचा पुरवठा तुटल्यावर धमन्या आवळल्या जात. नायट्रोग्लिसरीनच्या कुळातल्या नायट्रेटच्या गोळ्या घेताना दिवसात काही तास मोकळे ठेवायला डॉक्टर सांगतात, त्यामागे हाच सवयीचा प्रश्न आहे. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडून धमन्या सैल करतं, हा शोध 1970 च्या दशकात फेरीद मुराद यांनी लावला. मुराद, रॉबर्ट फर्चगॉट आणि लुईस इग्नारो यांना 1998 मध्ये त्यासाठी पारितोषिक मिळालं ते नोबेल यांच्याच नावाचं.

गोळी कळ थांबवत होती, धमनी मोकळी करत नव्हती. त्यामुळे विसाव्या शतकात शल्यविशारदांनी नाना वाटा चोखाळल्या. 1916 मध्ये बुखारेस्टचे टॉमस योनेस्कू यांनी वेदना वाहून नेणाऱ्या मानेजवळच्या नसाच कापल्या. 1930 च्या दशकात बॉस्टनमध्ये शरीराची एकूण भूक कमी व्हावी म्हणून रुग्णाची थायरॉइड ग्रंथी काढून टाकत. क्लीव्हलँडचे क्लॉड बेक यांनी छातीचा स्नायू हृदयावर चिकटवला. माँट्रियलचे आर्थर वाइनबर्ग छातीतली धमनी सरळ हृदयाच्या स्नायूत खोचत. मग 1950 च्या दशकात एक सोपी शस्त्रक्रिया अमेरिकेत लोकप्रिय झाली. छातीच्या आतल्या बाजूची धमनी बांधून टाकायची, म्हणजे रक्त हृदयाकडे वळेल, असा समज होता. रुग्ण बरं वाटल्याचं सांगत.

सिॲटलचे लिओनार्ड कॉब यांना शंका आली. त्यांनी सतरा रुग्ण निवडले. काहींची धमनी बांधली, उरलेल्यांच्या छातीवर फक्त चिरा दिला आणि टाके घातले. कुणाचं काय केलं हे रुग्णाला माहीत नव्हतं. 1959 साली निष्कर्ष छापून आले आणि त्यात दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं होतं. ती शस्त्रक्रिया लवकरच बंद पडली. अँजायनाच्या कळेवर भरवसा आणि भीती यांचा किती परिणाम होतो, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी दिसलं नव्हतं.

याच काळात स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. हृदयाला जास्त रक्त पोहोचवता येत नसेल तर त्याची मागणीच कमी का करू नये? त्यातून 1964 मध्ये प्रोप्रॅनोलॉल आलं, बीटा ब्लॉकर गटातलं पहिलं यशस्वी औषध. ॲड्रेनलिनचा चाबूक हृदयापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. ते दोन शतकं आधी मिळालं असतं तर हंटर यांच्या रागाचं काही झालं नसतं, पण रागाची झळ हृदयाला कमी लागली असती.

धमन्या जिवंतपणी दिसू लागल्या त्या एका अपघातामुळे. 30 ऑक्टोबर 1958 रोजी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका रुग्णाची महाधमनी तपासत असताना नळी घसरून हृदयाच्या उजव्या धमनीत शिरली आणि क्ष-किरणांत दिसणारा सगळा रंग तिथेच गेला. हृदय थांबलं. सोन्स यांनी रुग्णाला खोकायला सांगितलं आणि ठोके परत आले. एवढा रंग धमनीत जाऊनही माणूस वाचतो, हे त्यातून कळलं, आणि ‘अँजिओ’चा जन्म झाला. त्याच रुग्णालयात 1967 मध्ये अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून अडलेल्या धमनीला वळसा देणारी बायपासची पद्धत बसवली. भारतात पहिली बायपास 1975 साली चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी घरच्या स्वयंपाकघरात जुळवलेला फुगा अडतीस वर्षांच्या रुग्णाच्या धमनीत फुगवला, आणि अँजिओप्लास्टी सुरू झाली.

खरा इलाज आला आणि त्याच्यासोबत रांग आली.

या रांगेचा सर्वांत चांगला दस्तऐवज ब्रिटनमध्ये आहे, कारण तिथे उपचार सरकारी आणि प्रतीक्षायादीही सरकारी. 1995 साली रुग्णांच्या सनदेत सरकारनं हमी दिली की बायपाससाठी एक वर्षाहून जास्त थांबावं लागणार नाही. एक वर्ष ही त्या वेळी सुधारणा मानली जात होती. रोज चार-पाच वेळा कळ येणाऱ्या माणसासाठी ते वर्ष म्हणजे जिना चढायचा की नाही, नातवंडाला उचलायचं की नाही, रात्री झोपताना गोळ्यांची बाटली उशाशी आहे ना, अशा हिशेबांचं वर्ष होतं. 2000 मध्ये हृदयविकारासाठी राष्ट्रीय आराखडा आला, छातीत दुखणाऱ्यांना लवकर तपासणारी क्लिनिकं उघडली, पैसा आला, आणि 2005 पर्यंत ही मर्यादा तीन महिन्यांवर आली.

प्रतीक्षेच्या या काळाकडे काही डॉक्टर आणि परिचारिकांनी वेगळ्या नजरेनं पाहिलं. कॅनडात हॅमिल्टन इथे बायपासच्या यादीतल्या 249 रुग्णांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे थांबू दिलं. उरलेल्यांना आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम, माहिती, आणि महिन्यातून एकदा परिचारिकेचा फोन. 2000 साली छापलेल्या निष्कर्षांत, तयारी करून घेतलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी एक दिवस आधी घरी गेले होते. थांबण्याच्या काळातच त्यांचं आयुष्यही अधिक सुसह्य झालं होतं.

इंग्लंडमध्ये यॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बॉब लेविन यांनी ‘अँजायना प्लॅन’ नावाची वही बनवली. रुग्णानं ती घरी ठेवायची, परिचारिकेनं समजावून सांगायची. प्रत्येक कळ म्हणजे हृदयाचा तुकडा मरतोय, आता आपण हलता कामा नये, हे समज आधी खोडायचे. कळ कशानं आली हे लिहायचं. आज दिव्याच्या खांबापर्यंत, पुढच्या आठवड्यात नाक्यापर्यंत, असं चालणं वाढवायचं. सोबत शरीर सैल सोडण्याची कॅसेट. 142 रुग्णांवरच्या चाचणीचा अहवाल 2002 मध्ये आला. सहा महिन्यांनी वहीवाल्यांचे झटके आठवड्याला सरासरी तीननं कमी झाले होते, तर नुसती माहिती मिळालेल्यांचे आठवड्याला अर्ध्या झटक्यानंही नाही. चिंताही उतरली होती.

मग 2004 मध्ये लाइपझिगच्या डॉक्टरांनी स्थिर अँजायनाचे 101 पुरुष घेऊन थेट सामना लावला. एका गटाला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, दुसऱ्याला वर्षभर रोज सायकलवर व्यायाम. वर्षाअखेर व्यायामवाल्या गटातले 88 टक्के रुग्ण मोठ्या त्रासाशिवाय राहिले, स्टेंटच्या गटातले 70 टक्के. हेबर्डन यांच्या लाकूड कापणाऱ्याची नोंद आता आकड्यांत झाली होती.

पण म्हणून स्टेंट आणि बायपास फुकाचे ठरत नाहीत. 2020 च्या ‘इस्केमिया’ चाचणीत 5179 रुग्ण होते. स्थिर अँजायनात आधी औषधं देऊन थांबलं तर मृत्यूचा धोका वाढत नाही, असं त्यात दिसलं. पण ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला कळ येत होती, त्यांना नळीचा किंवा शस्त्रक्रियेचा उपचार मिळाल्यावर सर्वांत जास्त आराम पडला. लंडनच्या ‘ऑर्बिटा’ चाचण्यांत कॉब यांच्यासारखाच बहाणा केला होता, म्हणजे अर्ध्यांना खोटी अँजिओप्लास्टी. भरपूर औषधं घेणाऱ्यांत 2017 मध्ये खऱ्या-खोट्यात फारसा फरक पडला नाही. औषधं बंद केलेल्यांत 2023 मध्ये खऱ्या स्टेंटनं कळ स्पष्टपणे कमी केली. वारंवार झटके येणाऱ्यासाठी यातून दोन्ही गोष्टी निघतात. त्याची रांग पुढे सरकायला हवी, आणि तोवर त्याची औषधं, चालणं आणि मन यांकडे पाहणारं कुणीतरी हवं.

महाराष्ट्रात ही रांग बऱ्याचदा पैशांची असते. अँजिओचा रिपोर्ट हातात असतो आणि घरात दागिने, भिशी, भावाकडची उसनवारी यांची बेरीज सुरू असते. 2012 साली राज्यात आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या जीवनदायी आरोग्य योजनेनं, आताच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेनं, अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचा खर्च उचलला. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्रानं औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली. तरीही कागदपत्रं, मंजुरी आणि तारीख यांत दिवस जातात, आणि त्या दिवसांत खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी हाच बहुतेकांचा आधार असतो. ती मरेलच्या ओल्या बुचाचीच वंशज. मात्र आपल्याकडे गोळी सगळ्यांना माहीत आणि वही कुणालाच नाही. छातीत दुखलं की ‘गॅस झाला असेल’ म्हणत ओवा चघळायचा, नाहीतर खाटेवरून उठायचंच नाही, अशी दोन टोकं घरोघरी दिसतात.

जे रुग्ण आज तारखेची वाट पाहत आहेत त्यांनी कळ आली की आधी थांबावं, बसावं आणि मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी जिभेखाली ठेवावी किंवा स्प्रे मारावा. उभ्यानं घेतल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. व्हायाग्रासारखी औषधं घेणाऱ्यांनी ही गोळी मुळीच घेऊ नये आणि तसं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं. कळ कधी आली, काय करताना आली, किती वेळ टिकली हे लिहून ठेवावं. तारीख अलीकडे आणायची की नाही हे डॉक्टर त्या नोंदीवरूनच ठरवू शकतात. चालणं किती आणि कसं, हे त्यांनाच विचारून ठरवावं. आणि कळ पूर्वीपेक्षा वारंवार येऊ लागली, कमी श्रमात किंवा बसल्या जागी येऊ लागली, तर यादीतल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. गोळी घेऊन पाच मिनिटांत कळ गेली नाही, घाम सुटला किंवा श्वास अडकला, तर शेजाऱ्याला हाक मारून 108 ला फोन करावा.